नखावरचा खडा

बुधवार, संध्याकाळ

मंगलाबाईंच्या पाठीवरच्या ॲलर्जी-चाचणीच्या पट्ट्या आज काढल्या. साबणातलं, कापडाच्या रंगांतलं एकही रसायन उमटलं नाही. पाठ स्वच्छ! आणि बोटं तशीच, भेगाळलेली. वैतागच आला. मग त्यांच्या नखाला चिकटलेला चमचमता खडा दिसला. हे काय, म्हटलं.

"काही नही ताई, साडीसले खडा लावस. घरमाच बसीसन."

रोज? रोज, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. गोंद बोटानेच. मग आधी सांगितलं का नाही? तर म्हणे, तुम्ही काम विचारलं होतं. हे काय काम आहे?

खरंच की. त्या 'घरच ऱ्हास', घरीच असते, म्हणाल्या आणि मी 'गृहिणी' लिहून मोकळी झाले. नवागाम वस्तीतल्या सगळ्या बायांच्या फॉर्मवर हेच लिहिलंय. संशोधन म्हणे!

उद्या तो गोंद मागवायचा, तपासायचा. प्रत्येकीकडे परत जायचं. गाइड सर म्हणतील, वेळ जाईल. जाऊ दे. 'काम काय' विचारायचंच नाही. आज हातांनी काय काय केलं, ते विचारायचं.

तो खडा काढताना माझ्याच अंगठ्याला चिकटला. तीनदा हात धुतले, निघत नाही. आता तिथे चुरचुरतंयही. बरंय. विसरणार नाही.