निळसर झाक

३ फेब्रुवारी
पुन्हा गुठळ्या. अल्कोहोल थेंब थेंब सोडलं, श्वास रोखून सोडलं, तरी प्रथिन नासलं. प्रथिनाचे कण इतके बारीक हवेत की कॅन्सरचं औषध आपल्या पोटात घेऊन रक्तातून सहज फिरतील. माझ्या बाटलीत नुसता रवा.

सर म्हणाले, "एवढी घाई कशाची?" त्यांना काय जातंय म्हणायला! हेच औषध ताईला शिरेतून दिलं होतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून ज्या तेलकट द्रावणातून देतात त्यानंच तिचा श्वास कोंडला. ओठ काळे पडले. आता नुसत्या दुसऱ्या गोळ्यांवर आहे. प्रथिनाच्या कणांत भरलं तर ते द्रावण लागणारच नाही.

५ फेब्रुवारी
गुठळ्या.

८ फेब्रुवारी
ताईकडे गेले. गोळ्यांनी उलट्या होतात, तोंड आलंय. तरी चेष्टा चालूच — "काय गं, तुझं अंड्याचं पांढरं फेटून झालं की नाही?" हसले. जिन्यात येऊन रडले. भावोजी म्हणाले, "गोळ्यांनी गाठ वाढायची थांबलीय." थांबलीय. जात नाहीये.

१२ फेब्रुवारी
जमलं! गाळून घेतल्यावर दुधाळ पाणी, उजेडात धरलं की निळसर झाक. मशिनवर माप घेतलं — हवे तेवढेच कण, सगळे सारखे. सरांच्या आधी ताईला फोन केला. "ताई, तुझं औषध झालं." तुझं म्हणाले मी! आधी उंदीर, मग परवानग्यांची कितीतरी वर्षं — यातलं काही बोलले नाही. ती म्हणाली, "म्हणजे सुटले गं मी." खोडून काढवेना.

१६ फेब्रुवारी
कणांतलं औषध मोजलं. शून्य. परत मोजलं. शून्य. मग गाळणी धुऊन पाहिली — सगळं औषध तिथं! ते प्रथिनात शिरलंच नव्हतं. बाहेरच त्याचे खडे झाले आणि गाळणीनं अडवले. म्हणून पाणी इतकं सुरेख दिसत होतं. आधी औषध मोजा, मग नाचा, असं मीच नव्या मुलांना सांगते. बाजारात तुरी… ताईला काय तोंड दाखवू? उद्या सांगते.

१७ फेब्रुवारी
नाही सांगितलं.

१९ फेब्रुवारी
भावोजींचा फोन. गादीखाली गोळ्यांची पाकिटं सापडली, न फोडलेली. माझ्या त्या फोनपासून ताईनं एकही घेतलेली नाही. त्यांना म्हणाली, "धाकटीचं औषध झालंय ना, मग हे विष कशाला?"