हर्षदाच्या होडीत बसण्याआधी

जंगीपूर, बंगाल
शनिवार दुपार

तीर्थरूप आई-आबांस,

संपतचा नमस्कार. आम्ही दोघं बहीणभाऊ नीट पोचलो. हर्षदा भात-मासे पोटभर जेवते. शेळी व्याली का?

उद्या पहाटे शर्यत. नदीतून ऐंशी किलोमीटर, म्हणजे दिवस मावळेपर्यंत पोहायचं. आपल्या भीमेला पुरात असतं तेवढं पाणी इथं रोजच असतं. पण आई, काळजी करू नकोस. प्रत्येकीसोबत एक होडी असते. हर्षदाच्या होडीत नावाडी आणि मी. तिला ग्लुकोजचं पाणी द्यायचं काम माझं.

आबा, वडगावहून निघताना तुम्ही मला बजावलंत, दमली तर हात धरून वर घे. इथला नियम असा, की होडीतल्या माणसाचा हात लागला की पोहणारी बाद. काल तिला तुमचा निरोप सांगितला, तर म्हणाली, "पेटका आला तर मी रडंन, तुला शिव्याबी घालीन. पण मी हाक मारल्याबिगर हात लावायचा न्हाई. हात धरायलाच माणूस पायजे व्हता, तर आबांनाच आणलं नसतं का?"

मी हो म्हणालो. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. सारखा घाटावर जाऊन पाणी बघून येतो. ती मात्र आत गाढ झोपली आहे.

हे पत्र तुमच्या हाती पडेल तोवर शर्यत होऊन गेलेली असेल. ती बाद झाल्याचं कळलं, तर तिला काही बोलू नका. तिनं हाक मारलेली नसेल.

तुमचा
संपत