जाड्या बोल्टचं भोक

४ फेब्रुवारी, सकाळ
सासूबाईंच्या वॉकरचा एक पाय लुळा पडला. जोडातले आटे मेलेत, बोल्ट नुसताच गरगर फिरतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर रोज चाललंच पाहिजे, नाहीतर पाय आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. बायको म्हणाली, कोपऱ्यावरच्या फिटरकडे देऊन या. म्हटलं, मी काय मेलोय? भोक जरा मोठं करायचं, टॅप फिरवून नवे आटे पाडायचे, जाडा बोल्ट बसवायचा. संध्याकाळी काम फत्ते.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
हार्डवेअरच्या दुकानातून टॅप, त्याचं हँडल आणि काम घट्ट पकडायचा व्हाइस आणला. तयारी म्हणजे निम्मं काम. व्हाइस जेवणाच्या टेबलाला आवळला. बायकोची संमती गृहीत धरली.

५ फेब्रुवारी
संमती नव्हती. व्हाइस गॅलरीत.

६ फेब्रुवारी
भोक पाडलं. किंचित तिरकं. सासूबाई भिंत धरून गॅलरीपर्यंत आल्या, बघितलं, म्हणाल्या, जावईबापू, कललंय. त्यांना चष्मा बदलायला हवा.

७ फेब्रुवारी
दुकानदाराचं म्हणणं होतं, टॅप थोडा पुढे फिरवला की जरा मागे घ्या, म्हणजे धातूचा कीस मोडतो. तेल सोडत राहा. मागे फिरणं माझ्या स्वभावात नाही. दुपारी टक्कन आवाज झाला. टॅप आतच तुटला. आटे मात्र सुरेख पडत होते.

९ फेब्रुवारी
टॅप काढायला ड्रिल लावला. टॅप जास्त कडक, ड्रिलचं टोकच मोडलं. आता भोकात दोघेही. बायकोचा अबोला, त्यामुळे एकाग्रता वाढली आहे. सासूबाई लेकीचा हात धरून जिना उतरल्या. वॉकर वेळेवर दिला असता तर हे झालं असतं का? कुणी श्रेय देत नाही.

१२ फेब्रुवारी
नवा टॅप घ्यायला दुकानात. दुकानदार काउंटरवर हात ठेवून उभा. म्हणाला, सकाळी आजी येऊन गेल्या, चालत, मुलीबरोबर. सांगून गेल्यात, आमचे जावई आले तर आटे पाडायचं काही देऊ नका. तेल मागितलं तर चालेल.
तेल घेतलं नाही. मानी माणूस आहे.
परतताना जिन्यात दम लागला. सासूबाई वरच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला.
धरला.