कोचावर झोपलंच पाहिजे असं नाही

अल्माग्रो, मार्चमधला सोमवार

प्रिय निकानोर,

तुझं जाकीट माझ्याकडे आहे. नोव्हेंबरात त्या मानसतज्ज्ञाच्या खोलीत खुर्चीवर टाकून तू पळालास ना, तेच. परवा शनिवारी जाऊन घेऊन आलो. सगळा डिसेंबर-जानेवारीचा उन्हाळा त्या माणसाने ते नीट हँगरला लावून ठेवलं होतं. चार शब्द सुनावायचे असं ठरवूनच मी गेलो होतो. पण त्याने जाकीट हातात ठेवलं आणि विचारलं, "तुमचे भाऊ कसे आहेत? मी फोन केला होता, त्यांनी उचलला नाही." चेहऱ्यावर खरीच काळजी होती. मग काय सुनावणार, कपाळ? आभार मानून मुकाट्याने जिना उतरलो. तुझी ओफेलिया म्हणते की नव्या थेरपिस्ट बाईकडची गुरुवारची वेळ अजून कायम आहे, तू रद्द केलेली नाहीस. म्हणून आज वर्कशॉप लवकर बंद करून लिहायला बसलोय. फोनवर तू 'हं' आणि 'बरं' याच्या पुढे जात नाहीस आणि मी एकदा सुरू झालो की थांबत नाही, तेव्हा कागदच बरा.

गुरुवारी तू पुन्हा दारातून मागे फिरलास तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, हे आधीच सांगून टाकतो. जुलैपासून तू स्वयंपाकघरातल्या खुर्चीत झोपतोस, दार सताड उघडं आणि दिवा चालू. रोसिओ घरात शिरली की आपोआप दबक्या आवाजात बोलायला लागते, स्वतःच्या बापाच्या घरात. ओफेलिया तक्रार करत नाही, आणि मला तिच्या न बोलण्याचीच जास्त धास्ती वाटते. कामावर येणं तर सोडच. तुझी हत्यारांची पेटी मी उचलून वरच्या फळीवर ठेवली आहे, कारण ती रोज डोळ्यांसमोर दिसली की माझं कामात लक्ष लागत नाही. आणि तू म्हणतोस, "हे थेरपी-बिरपी आपल्यासाठी नाही." अरे गाढवा, या ब्यूनस आयर्समध्ये टॅक्सीवाल्याला थेरपिस्ट आहे, न्हाव्याला आहे, आपल्या मटणवाल्याला आहे, आणि तो तर सुरी चालवता चालवता तिचं कौतुक सांगतो. तूच एकटा कोण असा लागून गेलास?

तुझी चूक नाही म्हणा. आपल्याकडे सगळे इतकी वर्षं थेरपीला जातात की प्रत्येकाला वाटतं आपणही निम्मे डॉक्टर झालो. नाताळच्या जेवणात आठवतंय ना? चोला आत्याने हातातला काटा न ठेवता निदान केलं की तुझा सगळा राग आपल्या आईवर आहे. तिच्या जावयाने ते खोडून काढलं आणि बाबांवर आहे असं सांगितलं. दोघं भांडत बसले, आणि तू टेबलाच्या टोकाला बसून ब्रेडचे तुकडे करत होतास. आत्यानेच तर नोव्हेंबरात तुला तिच्या त्या माणसाकडे पाठवलं, "माझी वीस वर्षं त्याच्या कोचावर गेली, देवमाणूस आहे" असं म्हणून. देवमाणूस असेलही. पण तिच्यासाठी जे चांगलं ते तुझ्यासाठी चांगलं, हे कुणी ठरवलं? दुसऱ्याच्या चष्म्यातून कुणाला नीट दिसलंय का?

काय झालं ते मला उशिरा कळलं, तेही ओफेलियाकडून, तुकड्या-तुकड्याने. तू आत गेलास, त्याने हाताने कोच दाखवला, तू भिडेखातर आडवा झालास. तो तुझ्या डोक्याच्या मागे बसला, म्हणजे तुला दिसेनासा झाला. आणि वर फक्त छत. जुलैमध्ये काबाजितो भागातल्या त्या इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्यात तू असाच पाठीवर पडला होतास, आणि वरच्या कुणा शहाण्याने बटण दाबल्यावर डबा खाली येऊन तुझ्या नाकापासून वीतभर अंतरावर थांबला होता. बंबवाले येईपर्यंत मी वरच्या फटीतून तुझ्याशी फुटबॉलबद्दल बडबडत होतो, तू शुद्धीवर राहावास म्हणून, आणि तू मधूनच "हो, पण तो गोलकीपर बेकार आहे" असं म्हणत होतास. अशा माणसाला छताकडे बघत झोपायला सांगितल्यावर तो पळणार नाही तर काय करणार? मी असतो तर जाकीटच काय, बूटही तिथेच राहिले असते.

पण निको, कोचावर झोपलंच पाहिजे असं कुठे आहे? एवढी साधी गोष्ट घरातल्या कुणी तुला सांगितली नाही, कारण सगळ्यांना वाटलं ती तुला ठाऊकच असणार. खुर्चीत बसता येतं. खिडकीजवळची खुर्ची मागता येते. दार किलकिलं ठेवा म्हणता येतं. "तुम्ही मला दिसाल असे बसा" हेसुद्धा म्हणता येतं, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. आपण लिफ्ट दुरुस्त करायला गेलो की घरमालक आपल्याला सांगतो ना, की आवाज कुठून येतो आणि कधी येतो? तसं तिलाही तू सांगितल्याशिवाय कळणार नाही. ती काही ज्योतिषी नाही.

माझं कसं सुरू झालं ते तुला कधी धड सांगितलं नाही. सिल्विया मला सोडून गेली त्या वर्षी लिफ्टमध्ये उभं राहिलं की माझ्या छातीत धडधड व्हायची, हातापायांना घाम, आता मेलोच असं वाटायचं. लिफ्टचा मेकॅनिक, आणि लिफ्टमध्ये उभा राहू शकत नाही. कुणाला सांगणार? सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाला, "हृदय घोड्यासारखं आहे. आता जरा दुसऱ्या कुणाशी बोला," आणि वाक्समन बाईंचं नाव लिहून दिलं. बाईंची खोली आठव्या मजल्यावर. मी जिन्याने चढायचो. वर पोचायचो तेव्हा इतका धापा टाकत असायचो की पहिली काही मिनिटं त्यातच जायची, आणि खरं सांगायचं तर तेवढं बोलणं टळलं म्हणून मला बरंच वाटायचं. बोलणं टाळायला मी आणखी एक युक्ती काढली होती. बरोबर गरम पाण्याचा थर्मास आणि माटेच्या चहाचा पेला घेऊन जायचो. ओतायचं, नळीने ओढायचं, पुन्हा ओतायचं, "बाई, तुम्ही घेणार का?" असं विचारायचं. काही आठवड्यांनी बाई म्हणाल्या, "दार्दो, आज थर्मास बाहेर ठेवून बघू या का?" त्या दिवशी मला हातांचं काय करावं ते समजेना. आणि त्याच दिवशी मी पहिल्यांदा सिल्वियाबद्दल बोललो.

त्यांच्या इमारतीची लिफ्टही धड नव्हती. खोलीत बसून मला तिचा खडखडाट ऐकू यायचा, आणि कोणतं बेअरिंग गेलंय ते मला तिथूनच कळत होतं. मी सांगून टाकलं, फीच्या बदल्यात मी लिफ्ट करून देतो, दोघांचंही भलं. मला वाटलं खूश होतील. त्यांनी शांतपणे नाही म्हटलं. मग समजावून सांगितलं की उद्या काम बिघडलं किंवा मला उशीर झाला, तर आमच्यात मालक आणि कारागीर येऊन बसतील, आणि ज्यासाठी मी येतो ते राहून जाईल. मला राग आला होता. घरी जाताना पटलं. म्हणून सांगतो, ती बाई कितीही गोड बोलली तरी तिला घरची पाइपलाइन दुरुस्त करून द्यायला जाऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

आणखी काही गोष्टी, जशा आठवतील तशा लिहितो. ती तुला काय करावं हे सांगणार नाही. सुरुवातीला मला याचा फार वैताग यायचा, पैसे देऊन माणूस गप्प बसतो म्हणून. मधे शांतता पसरली तर ती भरून काढायची जबाबदारी तुझी नाही, नुसतं बसलं तरी चालतं. तू तिथे जे बोलशील ते ओफेलियाला कळणार नाही, मलाही नाही, चोला आत्याला तर मुळीच नाही. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच ती गप्प राहणार नाही, आणि हे ती पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगेल. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळव, नाहीतर फी पडते. सुरुवातीचे काही आठवडे बाहेर पडल्यावर जास्तच वाईट वाटतं. मी एकदा बसस्टॉपवर बसून राहिलो आणि माझी बस निघून गेली. तेव्हा घाबरून सोडून देऊ नकोस, पुढच्या खेपेला तिला तेच सांग. आणि ही बाई नाहीच पटली तर तोंडावर सांगून दुसरीकडे जाता येतं. पहिली भेट दोघांनी एकमेकांना बघण्यासाठीच असते. आपण त्या दिवशी तिथे लग्न लावून येत नाही.

तू वाक्समन बाईंकडेच जावंस असं मला वाटत होतं. मी त्यांना तसं म्हटलंही, आणि तुझी सगळी कहाणी सांगून टाकली. त्या म्हणाल्या, एकाच घरातल्या दोघांना मी घेत नाही. मी चिडलो. म्हटलं, एका इमारतीत दोन लिफ्ट असतील तर मेकॅनिक एकच असतो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पण एक लिफ्ट दुसरीबद्दल माझ्याकडे तक्रारी करत नाही." त्यांनीच ही मोन्साल्वो बाई सुचवली. मधे फेब्रुवारी आला. तो महिना तर तुला माहीतच आहे, शहरातले सगळे मानसतज्ज्ञ एकदम समुद्रावर निघून जातात आणि आपण सगळे एकमेकांच्या अंगावर खेकसत मार्चची वाट बघतो. त्यामुळे तुझी वेळ लांबली.

आता एक कबूल करतो, कारण गुरुवारी तुला ते कळणारच आहे. गेल्या आठवड्यात मी मोन्साल्वो बाईंना फोन केला. तुमच्याकडे कोच आहे का, खिडकी कुठे आहे, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "खोली तळमजल्यावर आहे, अंगणाच्या बाजूला, एवढं कुणालाही सांगेन. बाकीचं तुमचे भाऊ मला विचारतील. आणि तुम्ही फोन केला होता हे मी त्यांना सांगणार आहे." मी फोन ठेवला आणि आधी म्हटलं, काय उद्धट बाई आहे. मग थोड्या वेळाने मला जाणवलं की माझ्या खांद्यांवरचं ओझं उतरलंय. तुझी बाजू घेणारं घराबाहेरचं एक माणूस मिळालं, आणि तेही माझ्याविरुद्ध तुझी बाजू घेणारं. त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी सलग झोपलो.

पण या सगळ्यासाठी मी पत्र लिहायला बसलो नसतो, ओफेलियाकडून निरोप दिला असता. लिहितोय ते कालच्या रविवारमुळे. सगळे आत सॅलडवरून वाद घालत होते, मी अंगणात शेगडीवर मांस उलटत होतो, आणि तू खुर्ची सोडून माझ्या शेजारी येऊन उभा राहिलास. निखाऱ्यांकडे बघत तू विचारलंस, "तिथे गेल्यावर आधी कोण बोलतं?" आणि मी, ज्याचं तोंड कधी मिटत नाही तो मी, तुझ्या हातात चोरिसो सॉसेज कोंबून "खा, गार होईल" असं म्हणून पाठ फिरवली. तुला वाटलं असेल की मला विषय नकोय. निको, मला रडू आलं होतं. त्या खड्ड्यातून बाहेर आल्यापासून तू कुणालाही काहीही विचारलं नव्हतंस, भूक लागली का हेही आम्हीच तुला विचारायचो. मी धूर डोळ्यांत गेला असं सांगून तोंड धुऊन आलो, तोवर तू परत जाऊन बसला होतास. तेव्हा उत्तर हे घे. आधी ती बोलते. दार उघडते, बसा म्हणते, आणि कशासाठी आलात असं विचारते. त्यावर घरच्यांनी पाठवलं असं सांगू नकोस. नोव्हेंबरात घरच्यांनी पाठवलं होतं. या वेळी तू स्वतः विचारून जातोयस.

तुझाच,
दार्दो