आईच्या छातीवरचं मशीन

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज मला तुमचा राग आलाय. त्याहून जास्त आलाय तो दवाखान्यातल्या सरकारी योजनेच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाचा. आईलाही आता तुमच्यासारखीच चक्कर येते. शेरडं घेऊन उरवड्याच्या कंपन्यांमागचा डोंगर चढायला लागली की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ती धाडकन खाली बसते. घरात काही होत नाही. डॉक्टर म्हणाले, छातीला मशीन लावून आठवडाभर घरीच ठेवा, रोजची कामं करू द्या, ठोके कुठं चुकतात ते कळेल. मी सरकारी कार्ड घेऊन गेले. खिडकीतला म्हणाला, "घरी लावायचं मशीन योजनेत बसत नाही. ॲडमिट झाल्या तर बघू." म्हटलं, अहो, पलंगावर तिला काही होतच नाही. "मग कशाला काळजी करता?" म्हणाला, आणि पुढच्याला हाक मारली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस आडवा पडला की यांची योजना जागी होणार. तो चालताफिरता असेपर्यंत यांना त्याच्याशी घेणंदेणं नाही.

तुमच्या वेळी डॉक्टरांनी कुठूनतरी खटपट करून एका दिवसासाठी मशीन मिळवून दिलं होतं. रोजच्यासारखंच वागा, असं दोनदा बजावलं होतं. आणि तुम्ही काय केलंत? शेरडं चुलत्याकडे दिलीत आणि धुतलेला सदरा, टोपी घालून ओसरीवर पाहुण्यासारखे बसलात. आई चहा घेऊन येते, म्हणते, "जरा डोंगराकडं जाऊन या की." तुम्ही डाफरता, "गप ए. डाक्टरची वस्तू हाय. घामानं बिघडली म्हंजी?" आळीतली माणसं बघायला येतात, तुम्ही बटणं काढून वायरी दाखवता, मोठ्या खुशीत. रिपोर्ट स्वच्छ आला. पुन्हा मशीन मागायला गेलो, तर अशीच खिडकी, हेच उत्तर. मग दाखल झालात. पलंगावर तुमचं काळीज शहाण्या पोरासारखं चाललं. काळजीचं कारण नाही, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं. पुढे एके दिवशी शेरडं एकटीच डोंगर उतरून आली.

म्हणून या वेळी मी पदरचं भाडं भरून मशीन आणलं. तेही एकाच दिवसाचं, आठवडा कुठला परवडायला! आई तुमच्याच वळणावर. नवं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसली. "आये, ऊठ. शेरडं सोड," मी ओरडले. "आन् बिघडलं म्हंजी?" "बिघडू दे. तू डोंगर चढ." शेजारीण दारातून म्हणाली, "आजारी आयला डोंगरावर धाडतीया, लेकीला काळीज हाय का न्हाई?" मीच शेरडं सोडली. तिला काय काय समजावणार?

आई पुढं, मी मागं, पडली तर धरता येईल इतक्या अंतरावर. निम्मा चढ झाला तरी ती ठणठणीत. वळून हसली, "बग, काय बी हुत न्हाई." मी हसले नाही. आबा, तिच्या पाठीकडे बघत मी मनात म्हणत होते, पड. आये, आजच पड, आज मी हाय, मशीन हाय.

ती पडली नाही. दिवस मावळायला शेरडं हाकत धडधाकट घरी आली. भाड्याचं मशीन परत द्यायला बावधनला जाताना मी रडले, आणि ते आनंदाचं रडणं नव्हतं. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं.