भरदुपारचा आवाज

माय, ज्या आवाजासाठी तू माझं तोंड दाबलं होतंस, तोच आवाज ऐकायला आता पोरं तिकीट काढून येतात. मी अमरावतीत कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि रविवारी राजापेठेत, एका ट्यूशन क्लासच्या मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या लावून आमचा बँड वाजवतो. मेटल म्हणतात या संगीताला, त्यातलंही सगळ्यांत टोकाचं. ड्रम इतके वेगात की कानाआधी ते बरगड्यांना कळतात, गिटारी खूप खालच्या सुरात लावलेल्या, आणि त्यावर माझी गुरगुर. शब्द आपल्या वऱ्हाडीतलेच, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते कळत नाहीत. नवा अल्बम नुकताच आला. नाव ‘भरदुपार’. नाव मीच सुचवलं. आपल्याकडे भीती रात्रीची नसतेच, ती बारानंतरच्या उन्हात असते, हे तुझ्यामुळेच मला ठाऊक.

अकोल्यातलं आपलं स्वयंपाकघर. उन्हाळ्यातला मंगळवार. तू परातीत पीठ मळते आहेस, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. मग तुझे हात थांबतात. मान खाली जाते, केस सुटतात, आणि तुझ्या तोंडून भलत्याच कुणाचा तरी आवाज येतो. जाड, खरखरीत, कोरड्या विहिरीत कुणी दगड ओढत असावं तसा. ‘देवी आली’ म्हणत शेजारच्या बाया डोक्यावर पदर घेऊन समोर बसतात, एकेक जण प्रश्न विचारते, तो आवाज उत्तरं देतो. बाबा बाहेर ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसलेले. मी धान्याच्या कोठीमागे. संपलं की तू पाणी मागायचीस, घटाघटा प्यायचीस आणि विचारायचीस, “काय बोलली वं मी? मले तं काई आठवत नाई.” आणि उरलेल्या पिठाच्या भाकरी थापायला घ्यायचीस.

एकदा न्हाणीत, रिकाम्या बादलीत तोंड घालून मी तो आवाज काढून पाहिला. बादलीतून तो माझ्यापेक्षा मोठा होऊन परत आला. तू दार ढकलून आत आलीस आणि पिठाच्या हातानंच माझं तोंड दाबलंस. “काहून काढतं तो आवाज? तो बलावला का येते. मंग जा म्हनलं तं जात नाई.” तू रागावली आहेस असं मला वाटलं होतं. पण तू आधी दाराला आतून कडी घातलीस आणि बादली पालथी केलीस.

पुढे तू गेलीस. हॉस्टेलवर एका मैत्रिणीनं कानाला हेडफोन लावला, कुठल्याशा थंड देशातला कुणी गात होता. मला तो आवाज ओळखीचा होता. त्यानंतर मी तो रीतसर शिकले. श्वास पोटातून कसा ढकलायचा, घसा सैल कसा ठेवायचा, मध्ये कोमट पाणी कधी प्यायचं. या कसबाचा मला फार अभिमान होता, माय. माझ्यात कुणी येत नाही, मीच काढते आणि मीच थांबवते, असं मी मुलाखत घ्यायला आलेल्या पोरांना सांगायचे.

अल्बमनंतरचा पहिला कार्यक्रम अकोल्यात ठरला. संध्याकाळी लग्न होतं म्हणून मंगल कार्यालय आम्हाला दुपारचंच मिळालं. सकाळी मी आपल्या जुन्या गल्लीत गेले. शेजारची मावशी आहे अजून, डोळ्यांनी अधू झालेली. तिचा धाकटा मुलगा सुरतला कामाला गेला आणि परतला नाही, तेव्हापासून ती दर मंगळवारी तुझ्यापुढे बसायची, आठवतं? मी गाते म्हटल्यावर ती हटून बसली. “मले बी ने. तुह्या मायचा तो आवाज आयकून लय दिस झाले.” मी तिला नेलं, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं, कानात कापूस घातला. तिच्या मागे काळ्या टी-शर्टातली पोरं एकमेकांवर आदळत होती, केस भिरकावत होती, आणि पत्र्याचं छत तापून तडतडत होतं.

तिसऱ्या गाण्यात ड्रम थांबतात आणि काही क्षण नुसता माझा आवाज असतो. तो सुरू झाला तशी मावशी उठली. कानातला कापूस काढला, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. मागची पोरं आदळायची थांबली. तिनं विचारलं, “माहा पोट्टा कधी येईन?”

मी थांबायला हवं होतं. माझा श्वास संपला होता, हे मला पक्कं माहीत आहे, कारण तो मी मोजून घेते. तरी आवाज आला. “येत नाई तो. वाट पाहू नोको. जेवत जाय पोटभर.”

ड्रमरला वाटलं हे गाण्यातलंच आहे, त्यानं पुढचा ठेका धरला. पोरांनी आरोळी ठोकली. मावशी शांतपणे खाली बसली. बाहेर रिक्षात बसताना तिनं माझा हात धरला. “तुह्या मायनं बी हेच सांगतलं होतं. येकदाच. मंग मी दर खेपी तेच इचारे, आन ते दर खेपी म्हने, येईन.” दोन दिवसांनी तिच्या थोरल्या सुनेचा फोन आला. मावशी आता ताट वाढून मुलासाठी झाकून ठेवत नाही, आपणच जेवते. फार रडली, पण जेवली.

मी कोठीमागे असायचे, तरी तुझं ते पहिलं उत्तर मी कधी ऐकलेलं नाही. मग ते शब्द माझ्या तोंडी आले कुठून? आणि मला सगळं आठवतं, माय, एकेक अक्षर. तुलाही आठवत होतं का गं? तिला दर खेपेला ‘येईन’ म्हणणारी कोण होती, ती देवी की तू? बाबांना विचारावं तर तेही नाहीत. तू असतीस तरी मी विचारलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

पुढच्या रविवारी अमरावतीत कार्यक्रम आहे. हे पत्र मी कुठे टाकणार, आणि टाकून तरी काय. एवढंच सांगायचं होतं, की हल्ली माईक हातात घेण्याआधी मी सगळ्या रांगा नीट पाहून घेते, कुणी म्हातारी बाई आली आहे का. नसली की हायसं वाटतं. आणि मग गाण्यात माझं मन लागत नाही.