पावसाची नोंद आणि चार हिरवे पुडे

शिउबेन भावोजींना युएओ वहिनीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? ताइपेच्या गारठ्यात लोकरीचा पट्टा बांधत जा (बांधत नसणार, माहीत आहे).

तुमच्या दादांचा कॉम्प्युटर अजून गच्चीवरच्या पर्जन्यमापकाची तासातासाची नोंद घेतो. एकोणीस वर्षांत एक ओळ रिकामी नव्हती. शेवटचं दवाखान्यात जाताना ते एवढंच म्हणाले, "ह्याला बंद करू नकोस हं." (माझ्याविषयी काही सूचना नव्हती.) आणि ह्या उन्हाळ्यापासून तो आपला आपणच बंद पडू लागला. दुरुस्तीला नेला ते दिवस सोडून अकरा ओळी रिकाम्या गेल्या. प्रत्येक ओळीला मला दादांसमोर जाब द्यायला उभं राहिल्यासारखं वाटतं.

तुम्ही फोनवर म्हणालात, नवा घ्या. मी त्याऐवजी एक वही केली. केव्हा बंद पडला, तेव्हा घरात काय चालू होतं, सगळं लिहिलं. आधी भाताच्या कुकरवर संशय घेतला आणि चार दिवस शेवया खाल्ल्या. मग मांजरावर. मग खालच्या मजल्यावरच्या फांगबाईंच्या कपडे धुण्याच्या मशीनवर. त्या म्हणाल्या, "तुझा डबा म्हातारा झालाय, त्यात माझ्या परकराचा काय दोष?" शेवटी बाजारातल्या म्हाताऱ्या ग्वो मिस्त्रींकडे नेला. त्यांनी आतली धूळ काढली, वीज पुरवणारा डबा बदलला आणि नऊ दिवस दुकानात चालू ठेवला. एकदाही बंद पडला नाही. घरी आणला, तर दुसऱ्याच दुपारी बंद. मिस्त्री म्हणाले, "काकू, यंत्र ठणठणीत आहे. तुमचं घर तपासा."

मग ते स्वतःच आले, टेबलाच्या मागे वाकले आणि हसतच सुटले. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आपल्याकडे सगळेच त्याच्याजवळ कुरकुरीत खाऊचा हिरवा पुडा ठेवतात ना? दादा दर नववर्षाला जुना काढून नवा ठेवत. ते गेल्यावर मीही नवा आणते, पण त्यांनी ठेवलेला शेवटचा पुडा काढवेना. त्यावर त्यांच्या अक्षरात 'नीट वाग' लिहिलंय. एक राहिला, म्हणून पुढचेही राहिले. तीन वर्षांत चार झाले, फुगलेले, आणि पुसताना मी ते मागे सारत सारत गरम वारा बाहेर पडायच्या जाळीवर चिकटवून बसवले. दुपारी ऊन तापलं की बिचारा गुदमरून बंद. ग्वो म्हणाले, "इतक्या लाडाने माणूससुद्धा मेला असता." मी हसले. मग चहा ठेवायला आत गेले, तिथे जरा वेळ लागला.

आता महिनाभर अखंड चालू आहे. जपून राहा.

तुमची वहिनी,
युएओ

ता. क. माझे तीन पुडे मीच खाल्ले. मऊ पडले होते, पण वाया कशाला घालवायचे? दादांचा पुस्तकांच्या फळीवर ठेवलाय.

आणखी एक. नवा कॉम्प्युटर आणू नका. नववर्षाला या, आणि येताना एक हिरवा पुडा घेऊन या. त्यावर दोन शब्द तुम्ही लिहा. तुमचं अक्षर त्यांच्यासारखं आहे, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.